सरकारी नोकराचे वर्तमानपत्र

वर्तमानपत्र कोण कोणत्या पानापासून वाचावयास आरंभ करतो, यावरून त्या गृहस्थाचा व्यवसाय ओळखता येतो. व्यापारी बाजारभावांचे पान आधी उघडतो, निवृत्त मनुष्य निधनवार्तांकडे वळतो, आणि विद्यार्थी खेळाचे पान काढून घेऊन उरलेले वडिलांच्या हवाली करतो. सरकारी नोकर मात्र ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, नीट घडी करून ठेवतो, आणि काही बोलत नाही. दिल्लीतील सरकारी वसाहतींत मी सुमारे वीस वर्षे काढली. सकाळी सज्जात चहाचा पेला घेऊन वाचीत बसलेले अनेक शेजारी मी पाहिले आहेत. परंतु बातमी वाचून त्यांना आनंद झाला की दुःख, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला क्वचितच सांगता आले असते.

श्रोतेहो, हे मौन स्वभावाचे नसते, नियमाचे असते. केंद्र सरकारच्या नोकरांना लागू असलेले वर्तणुकीचे नियम १९६४ सालचे आहेत. त्यांतील नववा नियम सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास मनाई करतो, आणि ती कोठे करावयाची नाही हे सांगताना पहिला मान देतो तो नभोवाणीवरील भाषणाला. मी या क्षणी ध्वनिक्षेपकासमोर बसलो आहे. तेव्हा त्या नियमाची आठवण मला किती प्रकर्षाने होत असेल, याची कल्पना आपण करू शकाल. शब्दयोजनाही मोठी सावध आहे. टीका ठरेल असे मत मांडू नये, एवढेच सांगून तो थांबत नाही. टीका ठरेल असे वस्तुस्थितीचे विधानही करू नये, असे तो सांगतो. म्हणजे विधान खरे आहे, हा बचाव तेथे पुरेसा नाही. प्रसारमाध्यमांसंबंधीच्या आठव्या नियमाला अनुसरून मी हेही सांगितले पाहिजे की, येथे बोलतो आहे ते माझे स्वतःचे विचार आहेत, सरकारचे नव्हेत. सरकारचे विचार माझ्या विचारांहून नेहमीच अधिक स्पष्ट असतात आणि ते छापून मिळतात.

या बंधनांविषयी ज्याला कुरकुर करावीशी वाटते, त्याने न्यायमूर्ती रानड्यांचे स्मरण करावे. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडामुळे सरकार अस्वस्थ झाले असता न्यायखात्याच्या नोकरीत असलेल्या रानड्यांची बदली धुळ्यास झाली, आणि तेथे त्यांच्या टपालावरही नजर ठेवण्यात येत होती. रमाबाईंच्या आठवणींत तो काळ आलेला आहे. आपली पत्रे दुसरा कोणी वाचतो आहे हे ठाऊक असताना नित्याप्रमाणे कचेरीत जाऊन दुसऱ्यांच्या तंट्यांचा निवाडा करीत बसणे, याला किती धीर लागत असेल! परंतु त्या वेळी राज्य परक्यांचे होते. आज ते आपले आहे. म्हणून आपल्याच सरकारच्या नोकराने मौन का पाळावे, याचे समर्थन निराळ्या पायावर करावे लागते. आज ज्या पक्षाचे सरकार आहे त्याचा कागद आणि उद्या ज्याचे येईल त्याचाही कागद सारख्याच निष्ठेने लिहिला जावा, आणि खिडकीपाशी अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला आतल्या माणसाचा पक्ष कळू नये, हा तो पाया. मला तो पटतो. मात्र सरकारी नोकरीत शिरताना माणूस आपले मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही, हेही खरे. १९६२ साली कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी नोकरांच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा बिहार सरकारचा नियम तेवढ्यापुरता अवैध ठरविला, तो याच तत्त्वावर.

कचेरीत राजकीय बातमी येते तिचे रूप अगदी निराळे असते. ज्या घटनेवर अग्रलेख लिहिले जातात, तिने आमच्या खोलीतले एक पानही हलत नाही, असे कित्येकदा घडते. उलट आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते, कोठल्याशा जिल्ह्यात एका योजनेचे पैसे तीन महिने अडकून पडले आहेत, आणि दहा वाजण्याच्या आत वरिष्ठांकडून तिचे कात्रण येऊन पडते. पूर्वी ते कागदाचे असे आणि कडेला लाल शाईने ‘वस्तुस्थिती काय?’ असे लिहिलेले असे. आता ते भ्रमणध्वनीवर छायाचित्राच्या रूपाने येते, आणि त्यामुळे घरी न्याहारी करीत असतानाच येते. मग राज्याकडे विचारणा, राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून उलट उत्तर, की पैसे आमच्याकडे आलेच नाहीत. चार ओळींच्या त्या बातमीत दिवस संपतो.

संसदेचे अधिवेशन चालू असले म्हणजे तर घड्याळाकडे पाहण्याची सोय राहत नाही. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर सभासद पूरक प्रश्न विचारू शकतात. म्हणून उत्तर एका पानाचे आणि पूरक माहितीचे बाड चाळीस पानांचे, अशी आमची तयारी असते. कोणता पूरक प्रश्न येईल हे आधी कळत नाही, तेव्हा सगळ्यांचीच उत्तरे लिहून ठेवावी लागतात. इतके करून दुसऱ्या दिवशी सभागृहात गोंधळ होतो, प्रश्नोत्तरांचा तास वाहून जातो, आणि ते बाड जसेच्या तसे परत येते. वर्तमानपत्रात ‘कामकाज तहकूब’ एवढीच बातमी असते. आमच्या येथील एक वयस्क कक्ष अधिकारी ते बाड शांतपणे कपाटात ठेवीत आणि म्हणत, “असू द्या, पुढच्या अधिवेशनात विचारतील.” आणि खरोखरच विचारीत.

सरकारच्या दारात बसलेल्याला सरकारचे मन ठाऊक असते, असा लोकांचा एक दृढ समज आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता पाचशेच्या व हजाराच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. ती मीही इतरांप्रमाणेच दूरदर्शन संचासमोर बसून ऐकली. नऊच्या सुमारास कोपऱ्यावरचा भाजीवाला भेटला, तो म्हणाला, “साहेब, तुम्हांला आधीच कळले असेल.” मी नाही म्हणालो, तो हसला, त्याचा विश्वास बसला नाही. त्या रात्री पत्नीने तांदळाच्या डब्यातून, साड्यांच्या घड्यांतून आणि देवघरातील खणातून नोटा काढून माझ्यासमोर ठेवल्या. आमच्या घराची खरी शिल्लक मला लग्नानंतर अठरा वर्षांनी प्रथमच कळली. सुरुवातीला बँकेत एका वेळी चार हजार रुपये बदलून मिळत आणि यंत्रातून दिवसाला दोन हजार निघत. त्या रांगेत मी आणि तो भाजीवाला दोनदा एकामागे एक उभे होतो. रांगेत त्याने आपले मत मोकळेपणाने सांगितले. मी ऐकत राहिलो.

वेतन आणि निवृत्तिवेतन यांच्या बातम्या मात्र अशा आहेत की, त्यांवर मौन पाळणे कोणालाच जमत नाही. माझे वडील, नाना, पोस्टखात्यातून निवृत्त होऊन साताऱ्यास राहतात. महागाई भत्ता १ जानेवारीपासून आणि १ जुलैपासून, असा वर्षातून दोनदा वाढतो. पण जाहीर होतो तो बहुधा होळीच्या आणि दिवाळीच्या सुमारास. आणि ती बातमी दिल्लीत मला कळण्याआधी साताऱ्यात नानांना कळते. २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीच्या काळात, या भत्त्याचे तीन हप्ते गोठविण्यात आले. १७ टक्क्यांवर थांबलेला भत्ता जुलै २०२१ पासून एकदम २८ टक्के झाला. मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. हा हिशेब नानांच्या रोजनिशीत लिहिलेला आहे. मी तो केवळ वाचून दाखविला. नववा नियम माझ्या ध्यानात आहे.

नानांचे निवृत्तिवेतन जुन्या पद्धतीचे, ठरलेले. मी १ जानेवारी २००४ नंतर नोकरीस लागलो, त्यामुळे माझी वर्गणी आणि सरकारची वर्गणी बाजारात गुंतविली जाते. नानांना हे कधीच रुचले नाही. “अरे, मी चाळीस वर्षे पोस्टात लोकांची बचत सांभाळली, आणि तुझे म्हातारपण कुठल्या भावावर अवलंबून आहे ते तुलाच सांगता येत नाही!” असे ते म्हणत. २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर झाल्याची बातमी आली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे मिळण्याची तीत हमी होती. तो शनिवार होता. त्या रात्री नानांचा दूरध्वनी पाऊण तास चालला. बापलेकांनी राजकीय निर्णयावर इतके मनमोकळे बोलण्याचा आमच्या घरातला तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा. मात्र आम्ही त्याला राजकारण म्हटले नाही, हिशेब म्हटले.

निवडणुकीत सरकारी नोकराचे स्थान मोठे चमत्कारिक असते. २५ मे २०२४ रोजी दिल्लीत लोकसभेसाठी मतदान झाले, तेव्हा माझी नेमणूक एका केंद्रावर होती. मतदान सुरू होण्यापूर्वी पक्षांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे लुटुपुटूचे मतदान घ्यावयाचे, ती मते पुसून यंत्र मोकळे करावयाचे, मोहोर लावावयाची, आणि मग दार उघडावयाचे. त्या दिवशी ऊन असह्य होते. दुपारी एक वृद्धा आली, डाव्या तर्जनीवर शाई लावून घेतल्यावर तिने विचारले, “बेटा, कोणते बटण दाबू?” प्रतिनिधींचे सगळे डोळे आमच्याकडे वळले. “माताजी, ते आम्ही सांगत नसतो,” असे आमच्यापैकी एकाने म्हटले, तेव्हा ती म्हणाली, “मग इतके जण बसला आहात कशाला?” दिवसभरात शेकडो बोटांना शाई लागली. माझे स्वतःचे मत टपाली मतपत्रिकेने आधीच दिलेले असल्यामुळे माझे बोट तेवढे कोरे होते.

मध्यरात्रीनंतर साहित्य जमा करून मी घरी आलो तेव्हा प्रथमच मतदान केलेला माझा मुलगा जागा होता. त्याने आपले बोट दाखविले आणि मग माझ्या बोटाकडे पाहिले. “बाबा, तुम्ही कोणाला दिलेत हे विचारीत नाही. पण तुम्हांला काही वाटते की नाही?” असे तो म्हणाला. उत्तर मला लगेच सुचले नाही. जून महिन्यात परीक्षांचे प्रकरण गाजू लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाची १८ जूनला झालेली पात्रता परीक्षा १९ जूनला रद्द झाली, आणि त्याच सुमारास तो विद्यार्थ्यांच्या सभेला जावयास निघाला. पत्नीला काळजी वाटली. “अहो, तुमच्या नोकरीला तर काही होणार नाही ना?” पाचव्या नियमात कुटुंबाचा उल्लेख आहे, हे तिला ठाऊक होते. मी पुस्तक काढून वाचले. कायद्याने स्थापन झालेले सरकार उलथून पाडण्याकडे झुकणाऱ्या चळवळीपासून घरच्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न करावा, तसे न जमल्यास कळवावे, असे तो नियम सांगतो. परीक्षा का रद्द झाली असे विचारणे त्यात बसत नाही. मी त्याला जा म्हटले.

परंतु त्याचा प्रश्न तेवढ्याने मिटला नव्हता. नियमाने माझे मत कचेरीत बंद केले होते. घरात ते बंद करावे असे त्याने कधीच सांगितले नव्हते. ते मी स्वतःच्या सोयीने केले होते काय, की न उच्चारता उच्चारता ते कोठे उरलेच नव्हते, हे मलाही ठाऊक नव्हते. त्या उन्हाळ्यापासून रात्रीच्या जेवणानंतर आम्ही संच बंद करतो आणि दिवसाच्या एखाद्या बातमीवर बोलतो. आरंभी मी फार अडखळत असे. ‘एकीकडे असे, दुसरीकडे तसे’ या टिपणी लिहिण्याच्या भाषेतून बाहेर पडावयासच मला काही आठवडे लागले. मुलगा त्यावर हसे. आता आमचे बहुतेक वेळा पटत नाही, आणि पत्नीचे आम्हां दोघांशीही पटत नाही. आवाज चढला की ती उठून जिन्याकडची खिडकी लावून घेते.