दुरून शिकलेला पियानो

वाद्य शिकावयाचे तर गुरूच्या समोर बसूनच शिकावे, हा आपल्याकडील जुना दंडक. विद्या गुरुमुखातून घ्यावयाची आणि ती मिळेपर्यंत त्याच्या घरचे पाणी भरण्याचीही तयारी ठेवावयाची, असे आपण ऐकत आलो. आज आपल्याच घरांतील मुले पियानोचा अथवा विजेवर चालणाऱ्या की-बोर्डाचा धडा पडद्यावरून घेत आहेत. धडा देणारा लंडनात आहे की लॉस एंजेलिसमध्ये, याची चौकशी कोणी करीत नाही. धडा हवा तेव्हा सुरू करावा, हवा तेथे थांबवावा, न समजल्यास पाच वेळा पुन्हा पाहावा. अशा रीतीने पियानो खरोखर येतो काय, आणि येत असल्यास कोठवर येतो, एवढाच प्रश्न मी आज श्रोत्यांपुढे मांडणार आहे.

दुरून पियानो शिकविण्याचा खटाटोप काही इंटरनेटबरोबर जन्माला आला नाही. बेथोव्हेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू कार्ल चेर्नी याने १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात एक लहानसे पत्ररूप पुस्तक लिहिले. दूर खेड्यात राहणाऱ्या, सुमारे बारा वर्षांच्या सेसिलिया नावाच्या एका बुद्धिमान मुलीस ही पत्रे उद्देशून आहेत. वाद्यापुढे बसावे कसे, बोटे ठेवावी कशी, स्वरलेखन वाचावे कसे, हे सारे त्यात क्रमाक्रमाने समजाविले आहे. परंतु ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, चेर्नीने हे पुस्तक गुरूची जागा घेण्यासाठी लिहिले नाही; पियानोच्या कोणत्याही पाठ्यक्रमास पुरवणी म्हणून लिहिले. पत्राने काय साधते आणि काय साधत नाही, हे त्या अनुभवी शिक्षकास पक्के ठाऊक होते.

पुढील शतकात हा विवेक सुटला. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात टपालाने संगीत शिकविणाऱ्या संस्थांच्या जाहिराती मासिकांतून झळकू लागल्या. जॉन केपल्स या जाहिरात-लेखकाने लिहिलेली त्यांतील एक जाहिरात आजही त्या धंद्यात नमुना म्हणून दाखविली जाते. मित्रमंडळींत एक गृहस्थ पियानोपुढे बसतो, सारे त्याला हसतात, आणि तो वाजवू लागताच थक्क होतात, अशी तिची कथा आहे. शिक्षकावाचून, घरच्या घरी, थोडक्या दिवसांत पियानो, हे तिचे आमिष. पडद्यावरील आजच्या कित्येक धड्यांचे मथळे वाचले तर आमिष तेच आहे असे दिसेल. टपालाची जागा मात्र चित्राने घेतली आहे.

या चित्राने पुष्कळ दिले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. शिक्षकाच्या शेजारी बसलेल्या विद्यार्थ्यास त्याचा हात बाजूने दिसतो. वर टांगलेल्या कॅमेऱ्यातून तोच हात सरळ वरून दिसतो. अंगठा तिसऱ्या बोटाखालून नेमका केव्हा सरकला, हे गती मंदावून पाहता येते. पूर्वी थोरामोठ्यांच्या शिष्यांसच मिळणारे विवेचन आता कोणासही ऐकता येते. लातुरात किंवा चंद्रपुरात राहणाऱ्या मुलास पियानोचा शिक्षक शेजारच्या गल्लीत मिळेल अशी आशा धरता येत नाही. त्याच्या घरी हा धडा पोचतो, हे या साधनाचे मोठे उपकार आहेत, आणि ज्यास मुंबईत अथवा पणजीत शिक्षक सहज मिळतो त्याने ते हसण्यावारी नेऊ नयेत.

मग उणे काय राहिले? ते समजण्यासाठी पियानोच्या पोटात डोकावले पाहिजे. पट्टी दाबली की ती सुमारे १ सेंटिमीटर खाली जाते. तिच्या दुसऱ्या टोकाशी असलेली नमद्याने मढविलेली हातोडी तारेकडे उडते, आणि तारेस लागण्याच्या किंचित आधी यंत्रणा तिला मोकळी सोडून देते. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने केलेल्या शोधाचे मर्म हेच. एकदा सुटलेल्या हातोडीवर वाजविणाऱ्याची सत्ता चालत नाही. स्वर किती मोठा, किती कोमल, हे त्या सुटण्याच्या वेगावर ठरते, आणि तो वेग बोट, मनगट व बाहू यांच्या भारातून उत्पन्न होतो. पडद्यावर बोट कोणत्या पट्टीवर पडले ते दिसते. कोणत्या भाराने पडले, ते दिसत नाही. भ्रमणध्वनीचा मायक्रोफोन तर कित्येकदा लहान आवाज उचलून व मोठा दाबून दोहोंतील अंतरच कमी करतो.

आपल्या घरांत ही अडचण दुप्पट होते, कारण आपला हात पेटीवर घडलेला असतो. पेटीच्या पट्ट्यांची काळी-पांढरी मांडणी पियानोसारखीच असल्यामुळे पेटी येणाऱ्यास पियानो अर्धा आलाच असे वाटते. परंतु पेटीत आवाजाचा चढउतार भात्यातून येतो. पट्टी जोराने दाबा की अलगद, स्वरात फरक पडत नाही. शिवाय डावा हात भात्याला गुंतलेला असल्याने त्याच्या बोटांस स्वतंत्र काम कधी पडत नाही. असा विद्यार्थी पियानोपुढे बसला म्हणजे उजव्या हाताने गत बिनचूक काढतो, पण सारे स्वर एकाच तोलाचे काढतो, आणि डावा हात मागे मागे राहतो. हे शेजारी बसलेला शिक्षक दोन मिनिटांत ओळखील. पडद्यावरील शिक्षकास ते कळण्याचा मार्गच नाही. तो बोलतो, दाखवितो; पण ऐकत नाही. एकलव्याची गोष्ट या प्रसंगी सर्वांस आठवते. तो मातीचा पुतळाही ऐकत नव्हता. पण एकलव्याचा बाण लागला की चुकला, हे लक्ष्यच त्याला सांगत असे. बेसूर नसलेला परंतु निर्जीव असा स्वर आपण काढीत आहो, हे नवख्या विद्यार्थ्यास कोण सांगणार?

शोपँ पॅरिसमध्ये शिकवीत असे, तेव्हा त्याच्या शिकवणीचा आरंभ हाताच्या घडणीपासून होई. पाच पांढऱ्या पट्ट्यांवर पाच बोटे ठेवण्याऐवजी तो ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प आणि बी या पट्ट्यांवर हात ठेववी. त्यामुळे लांब बोटे उंच काळ्या पट्ट्यांवर येत, आखूड अंगठा व करंगळी पांढऱ्यांवर, आणि हात आपोआप सैल राही. गायकांचे गाणे ऐका, असेही तो शिष्यांस सांगे. पडद्यावरचा धडा कोणा एकाच्या हातासाठी नसतो. तो सर्वांसाठी एकच असतो, आणि आठ वर्षांच्या मुलीचा पंजा व चाळिशीतील गृहस्थाचा पंजा यांस एकच माप लागू होत नाही.

येथे नुसत्या गोडीचा नव्हे, आरोग्याचाही प्रश्न येतो. हात यंत्राने घडविण्याचा मोह फार जुना आहे. लोजिए याने १८१४ साली मनगट व बोटे चौकटीत धरून ठेवणाऱ्या एका साधनाचे पेटंट घेतले होते. रॉबर्ट शूमान हा तरुणपणी पियानोवादक होऊ पाहत होता. १८३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या उजव्या हाताचे बोट दुबळे झाले आणि वादकाचा मार्ग त्याला सोडावा लागला. बोट बळकट करण्यासाठी त्याने एक यंत्र वापरले होते. दोष त्या यंत्राचा की दुसऱ्या कशाचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जगाला त्यातून थोर संगीतकार लाभला खरा, परंतु वादकाचा हात गेला तो गेलाच. आखडलेले मनगट व वर उचललेला खांदा घेऊन रोज दोन तास तोच तुकडा घोटणाऱ्या मुलास वेळीच कोणी थांबविले नाही, तर दुखणे जडण्यास फार दिवस लागत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, शिक्षकास व्हिडिओ-कॉलवर बोलावावे म्हणजे तो ऐकेलही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा असंख्य शिक्षकांनी हेच केले, आणि शिकवण्या त्यामुळेच जिवंत राहिल्या. पण त्यातही दोन अडचणी आहेत. वादकांस एकत्र वाजविताना २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब सोसवतो. अशा कॉलमध्ये तो बहुधा १०० च्या वर जातो. म्हणून गुरुशिष्यांस एका वेळी वाजविता येत नाही. आधी एकाने, मग दुसऱ्याने. दुसरी अडचण अशी की, ही साधने मुळात संभाषणासाठी घडविलेली. लांबत जाणारा स्वर त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तो कापून टाकतात. मूळ आवाज जसाच्या तसा पाठविण्याची सोय काहींत असते. ती शोधून चालू करावी. त्याच वर्षी एबीआरएसएम व ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा-संस्थांनी चित्रमुद्रण पाठवून द्यावयाच्या परीक्षा सुरू केल्या. दुरून परीक्षा घेता येते, हे त्यांनी दाखविले. परंतु परीक्षक तयार झालेले वादन तपासतो. ते तयार करणे हे निराळे काम आहे.

आणखी एका प्रकाराविषयी सावध करणे जरूर आहे. पडद्यावर रंगीत पट्टे वरून खाली पडतात आणि ते जेथे टेकतील ती पट्टी दाबावयाची. याने आठवड्यात एखादी गत हाती येते, घरचे आनंदतात, पाहुण्यांपुढे वाजविणे होते. परंतु पाच रेघांवरचे स्वरलेखन न शिकलेल्या मुलास दोन वर्षांनी दहा गती येतात, आणि अकरावी गत पुन्हा पट्टे पडल्यावाचून येत नाही. साक्षर न होता श्लोक पाठ करण्यासारखेच हे आहे. पाठांतर वाईट नव्हे. पण पुस्तक उघडून वाचण्याचे स्वातंत्र्य त्याने मिळत नाही.

तेव्हा करावे काय? माझ्या मते पडद्यास चेर्नीच्या पत्रांचे स्थान द्यावे. पुरवणी म्हणून तो उत्तम आहे. वाद्य घेताना पट्टीच्या दाबाप्रमाणे आवाज बदलतो की नाही हे पाहून घ्यावे; पूर्ण ८८ पट्ट्या नसल्या तरी आरंभी चालेल, पण हा गुण नसल्यास चालणार नाही. शिक्षक एकच धरावा आणि त्याचा क्रम सोडू नये. रोज नवा धडा शोधण्यात सरावाची वेळ जाते. स्वरलेखन पहिल्या महिन्यापासून शिकावे. आपले वादन मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, कारण वाजविताना कान बोटांच्या मागे धावत असतो, तो दुसऱ्या दिवशी मोकळा होतो. आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, प्रवास करावा लागला तरी, जाणत्या माणसापुढे प्रत्यक्ष वाजवून दाखवावे. आठवड्याच्या शिकवणीचे पैसे ज्यास परवडत नाहीत, त्यालाही एवढे बहुधा करता येईल.

शेवटची विनंती आईबापांस आहे. धडा चालू करून देऊन दुसऱ्या खोलीत जाऊ नये. पियानो आपणांस येत नसला तरी दिवसातून दहा मिनिटे मुलाजवळ बसून त्याचे वादन ऐकावे. खांदे वर गेले आहेत काय, हात दुखतो काय, एवढे विचारावे, आणि कालचाच तुकडा आज हळू वाजवून दाखव म्हणावे. पडद्यावरचा शिक्षक कितीही निष्णात असला, तरी हे दहा मिनिटांचे ऐकणे त्याच्याकडून व्हावयाचे नाही. ते घरच्यांनीच केले पाहिजे.