भुशाचे लाकूड आणि सुतारांचा विनोद



या व्यासपीठावरून आपण संतांविषयी ऐकले, इतिहासाविषयी ऐकले, परवा एका विद्वान गृहस्थांकडून ग्रहताऱ्यांविषयीही ऐकले. आज आम्ही भुशाविषयी बोलणार आहोत. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'सुतारांचा विनोद' असे सांगितले. ते म्हणाले, "बरे झाले, एक दिवस हलका जाईल." तो हलका जावा अशी आमचीही इच्छा आहे. पण ज्या फळीवरचा हा विनोद आहे ती फळी काही हलकी नाही. आठ फूट बाय चार फूट, १८ मिलीमीटर जाडीची एक फळी ४० किलोच्या आसपास भरते. आणि लिफ्ट बसायच्या आधी ती चौथ्या मजल्यावर माणसाच्या डोक्यावरून चढते.

प्रथम ही वस्तू पाहू. लाकडाचे बारीक तुकडे करायचे, ते वाफेवर शिजवायचे, दातेरी चकत्यांमध्ये दळून त्यांचे कापसासारखे तंतू करायचे, त्यांत चिकट राळ मिसळायची आणि तापलेल्या दाबयंत्राखाली दाबून फळी काढायची. अमेरिकेत विल्यम मेसन यांनी १९२४ साली मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी गिरणीतल्या टाकाऊ लाकडापासून असा कठीण पुठ्ठा केला. तो मेसोनाइट या नावाने जगभर गेला. आज आपल्या घरांत येतो तो मध्यम घनतेचा प्रकार. त्याचे कारखानी उत्पादन तिकडेच १९६० च्या दशकात सुरू झाले. आपण त्याला एमडीएफ म्हणतो. भारतीय मानकांत त्याचा क्रमांक आय. एस. १२४०६ असा आहे. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली येथल्या कामांवर मात्र त्याची नावे निराळी आहेत. कोणी त्याला 'पुठ्ठा' म्हणतो, कोणी 'भुशाची वडी', कोणी 'बिस्कीट'. खरे पाहता तो भुसा नव्हे, तंतू आहे. पण नाव ठेवायला बसलेला सुतार इतका बारीक हिशेब करीत नाही.

आपला हा मुलूख लाकडाचा जाणकार. साग, ऐन, खैर, किंजळ ही नावे येथे पोरांनाही ठाऊक असतात. खैराचा कात काढणारे म्हणून कातकऱ्यांना त्यांचे नाव मिळाले. अशा मुलुखातला सुतार फळी हातात घेतो ती ज्योतिषाने कुंडली घ्यावी तशी. रेषा पाहतो, गाठ पाहतो, झाड कोणत्या अंगाने वाढले ते सांगतो, रंधा कोणत्या बाजूने मारायचा ते ठरवतो. त्याच्या हातात ही नवी फळी आली. रेषा नाही, गाठ नाही, वास आहे तो राळेचा. एक म्हातारे कारागीर ती उलटसुलट करून म्हणाले, "ह्याला वय नाही, नुसती जाडी आहे."

मग विनोद सुरू झाले. मुंबईहून आलेल्या एका घरमालकाने विचारले, "मिस्त्री, हे कुठलं लाकूड?" मिस्त्री म्हणाला, "सगळ्या जातींचं आहे, साहेब. सर्वधर्मसमभाव." त्या फळीवर सागाच्या रेषा छापलेला कागदी मुलामा चिकटवतात, म्हणजे लॅमिनेट. छापील नक्षीच ती, ठरावीक अंतराने तीच गाठ पुन्हा येते. मालकाला ते वर्षभर दिसत नाही. सुताराला पहिल्या दिवशी दिसते. तो जोडीदाराला म्हणतो, "ह्या झाडाला एकच गाठ, पण ती दर चार फुटांनी भेटायला येते." आणि 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण तर त्या कपाटांसाठीच केली असावी असे वाटते.

ह्या फळीला रंधा लागत नाही. ती सपाटच येते. दसऱ्याला आमचे मराठी सुतार हत्यारे पूजतात. कामासाठी इकडे आलेले उत्तरेकडचे कारागीर १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा करतात. अशाच एका पूजेत वडिलांचा रंधा पाटावर मांडून एक जण म्हणाला, "हा आता देव झाला. वर्षातून एकदाच बाहेर येतो." सगळे हसले. तो स्वतः मात्र रंधा पुसत राहिला.

खालापूर तालुक्यात नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली चित्रनगरी उभारली. २००८ सालच्या 'जोधा अकबर'साठी तेथे महाल उभे राहिले. तसल्या कामावरचा सुतार म्हणतो, "आम्ही खोटं बांधतो ते सांगून सवरून. पडद्यावर खांब दगडाचा दिसला पाहिजे, मागून बांबूचा टेकू असला तरी चालतो. बंगल्यातलं खोटं मात्र खरं म्हणून विकलं जातं." या एका वाक्यात कारागिराची नीती आली. नकलेला त्याचा आक्षेप नाही. नक्कल लपवायला त्याचा हात वापरला जातो, हे त्याला टोचते.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही मुलामाच लावला असे होईल. ही फळी वाईट नाही. रेषा नसल्यामुळे ती कोणत्याही दिशेने सारखी कापली जाते, तिच्यावर रंग काचेसारखा बसतो, ऋतू बदलला तरी ती सागाच्या रुंद फळीसारखी वाकत नाही. लागवडीच्या झाडांपासून ती होते, म्हणून जंगलावरचा भार कमी होतो. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात वृक्षतोडीवर कडक बंधने घातली. त्यानंतर प्रत्येक घरात सागाची कपाटे हवीत असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. दोष आहे तो तिला नको त्या जागी बसवण्यात. तिचे दोन्ही पृष्ठभाग दाबाने घट्ट झालेले असतात, पोट सैल असते. कापलेली किनार उघडी राहिली की पोट पाणी पिते आणि फुगते. फुगलेले पुन्हा बसत नाही. आणि आपल्याकडे माथेरानच्या कुशीत पाऊस कसा कोसळतो हे आपणांस सांगायला नको. पावसाळ्यात सुतार एकमेकांना विचारतात, "तुझ्या कपाटानं बाळसं धरलं का?"

अशाच एका बाळशावरून झालेले भांडण आमच्याकडे आले. नदीकाठच्या एका बंगल्यात स्वयंपाकघराचे काम होते. मोरीखालच्या कपाटाला मालकाने साधी, स्वस्त फळी आणली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, हे बिस्कीट आहे. पाण्याजवळ नको." मालक खो खो हसले, त्यांनी तो विनोद पाहुण्यांनाही सांगितला, आणि काम तसेच झाले. जुलैत दारे लागेनाशी झाली. मालकांनी तीन माणसांची अकरा दिवसांची मजुरी रोखली. आम्ही मिस्त्रीला घेऊन गेलो. मालक म्हणाले, "हे टिकणार नाही असं याने मला कधी सांगितलं?" मिस्त्री म्हणाला, "सांगितलं होतं, साहेब. तुम्ही हसलात."

निम्मी मजुरी मिळाली. उरलेली निम्मी आजवर मिळाली नाही. तेव्हापासून आम्ही सभासदांना सांगतो की विनोद जरूर करा, पण त्याच्याखाली एक कागद करा. कोणती फळी, कोणत्या जागी, कोणी निवडली, एवढे तीन ओळींत लिहा आणि मालकाची सही घ्या.

आता जे सांगायचे त्यात दोष आमचाच आहे. आमच्या एका सभासदाचे काम बंद सदनिकेत यंत्राच्या करवतीवर फळ्या कापण्याचे. शेजारी धुळीची तक्रार करतात म्हणून खिडक्या लावलेल्या. ही धूळ लाकडाच्या जाड भुशासारखी खाली पडत नाही. पिठासारखी हवेत तरंगते. तो म्हणायचा, "आमच्या घरी कपाट नाही, पण माझ्या छातीत तीन दारांचं बसवलंय." वाक्य झकास होते. आम्ही ते दोन वर्षे सभांतून सांगितले आणि टाळ्या घेतल्या. तो समोर बसून हसायचा आणि हसता हसता खोकायचा. एकदा तो यायचा थांबला. डॉक्टरांनी त्याला धुळीचे काम बंद करायला सांगितले होते. आज तो एका गृहसंकुलाच्या फाटकावर राखणदार आहे. दोन जिने चढला की बसतो. आजार नेमका कशाने झाला हे ठरवणारे आम्ही कोण? पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ साली आणि ह्या राळेतून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूला २००४ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, हे आम्हांला वाचता येत होते. त्याचे वाक्य विनोद होता, तसाच तो अर्जही होता. आम्ही तो अर्ज पोच न देता खिशात ठेवला.

गरीब माणूस तक्रार सरळ करीत नाही, कारण सरळ केलेल्या तक्रारीला उद्याचे काम जाते. हसून केली की काम टिकते आणि तक्रारही बोलून होते. इतकी वर्षे संघटनेत काढून ही गोष्ट आम्हांला उशिरा कळली. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ २०११ साली आले. वर्षात ९० दिवसांचे काम दाखवले की नोंदणी, असे त्या कायद्याने ठरवले. पण त्या ९० दिवसांच्या दाखल्यावर सही मागायला गेले की ठेकेदाराचे पेन हरवते. त्यावरही सुतारांचा विनोद आहेच: "त्याच्या कानावरची पेन्सिल माझ्याकडून नेलेली, पण सही करायला शाई नाही."

तेव्हा मंडळी, आपल्या घरी काम निघेल त्या दिवशी एवढे करा. फळ्या अंगणात किंवा गच्चीवर कापू द्या. घरातच कापायच्या तर खिडक्या उघड्या ठेवा, शेजाऱ्यांना दोन दिवस कळ काढायची विनंती तुम्ही करा. यंत्राला धूळ ओढणारी नळी आहे का ते विचारा. नाकाला चांगली पट्टी द्या, रुमाल पुरत नाही. वायू कमी सोडणारी ई-१ दर्जाची फळी मागा. ती तुमच्या मुलांच्याही नाकाला बरी. किनारी सगळ्या बंद करून घ्या. मोरीखाली एमडीएफ नको. ठेकेदाराला कामगारांच्या दाखल्याविषयी विचारा. तुमच्यापुढे त्याला पेन सापडते. आणि मिस्त्री काही गमतीने बोलला तर हसा, पण हसून झाल्यावर विचारा, "म्हणजे काय, मिस्त्री?"

येथे येण्याआधी आम्ही त्या राखणदार मित्राला भेटलो. आज भाषण आहे असे सांगितले. त्याने विचारले, "भरीव आहे, की वरून मुलामा?" आम्ही म्हणालो, "किनार उघडी ठेवली आहे. लोक पाणी घालून पाहतील." तो हसला. मग खोकला. ह्या वेळी आम्ही तेथेच बसून राहिलो.