मुलांच्या व्यसनाची पहिली पायरी
(मीरा-भाईंदर येथे शिक्षक व पालकांसमोर केलेले भाषण)



१९८५ साली काही ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. मिठागरांची आणि भातशेतीची ही गावे एका पिढीत इमारतींनी भरून गेली. येथील कितीतरी आईवडील सकाळच्या लोकलने मुंबईस कामाला जातात आणि रात्री परततात. शाळा सुटल्यापासून ते घरी येईपर्यंत मुले एकटी असतात. व्यसनाचा विचार करताना प्रथम या रिकाम्या वेळेचा विचार करावयास हवा.

व्यसनाची पहिली पायरी बहुधा ओळखीच्या मित्रापाशी असते. 'एकदा घेऊन तर बघ' या शब्दांना नकार देणे चौदा वर्षांच्या मुलास जड जाते. त्या वयात सवंगड्यांची मान्यता फार मोलाची वाटते, आणि मोहाला आवर घालणारा मेंदूचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो.

केंद्र शासनाच्या २०१९ मधील राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्युशन या साध्या वस्तू आहेत. रुमालाला येणारा उग्र वास, वर्गातील गुंगी, अचानक घसरलेला अभ्यास, घरातून नाहीसे होणारे पैसे, या खुणांकडे दुर्लक्ष करू नये.

खूण दिसली की घरी मार बसतो आणि शाळेत दाखला हाती दिला जातो. त्याने शाळेची अडचण संपते; मुलाची मात्र वाढते. ज्यांनी त्याला नशा दिली, त्यांच्यावाचून त्याला दुसरी संगत उरत नाही.

कायद्याने हा भेद जाणला आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार मुलास दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उलट, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस काही अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण केंद्र सुरू केले, तेही व्यसन हा आजार आहे, हे मानूनच.

तेव्हा माझी विनंती एवढीच. शाळेचे मैदान आणि वाचनालय सायंकाळी उघडे ठेवा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास कायद्याने बंदी आहे. लोकप्रतिनिधींनी तिची अंमलबजावणी होते की नाही, हे स्वतः पाहावे. प्रत्येक शाळेत मुलांना निर्भयपणे बोलता येईल असा एक शिक्षक असावा. १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक फलकावर लिहावा. आणि मूल चुकले तर त्याचे नाव पटावरून कमी करण्यापूर्वी त्याला जवळ बसवून विचारावे, 'बाळ, काय झाले?' या प्रश्नाने पुष्कळ मुले मागे फिरू शकतील.