पहाटेची जाग आणि रात्रीची नीज
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आज आमच्याकडे सोपविलेला विषय दिसावयास अगदी लहान आहे. लवकर उठण्याची सवय कशी लावावी आणि ती कशी टिकवावी, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. आम्ही वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि प्राथमिक शाळेतील तीसहून अधिक वर्षांची सेवा, एवढेच आमचे भांडवल. परंतु इतकी वर्षे पहिल्या तासाला मुलांसमोर उभे राहिल्याने कोणाची झोप पुरी झाली आहे आणि कोण ती अर्धवट सोडून आला आहे, हे हजेरी घेता घेता ओळखण्याइतकी नजर आम्हांस आली आहे. त्या अनुभवाला वाचनाची जोड देऊन चार शब्द आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रातःकाळी उठण्याची थोरवी आपल्याकडे कोणाला नव्याने सांगावयास नको. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय ब्राह्ममुहूर्तावर उठण्याच्या उपदेशानेच सुरू होतो. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटे, आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी सुमारे ९६ मिनिटे सुरू होतो. परंतु दोन गोष्टींकडे आपले सहसा लक्ष जात नाही. एक अशी, की हा उपदेश वाग्भटाने स्वस्थ मनुष्याला केला आहे; आजारी, थकलेल्या माणसाला नव्हे. दुसरी अशी, की चरकाने शरीराचे जे तीन आधार सांगितले, त्यांत आहार व ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेला स्थान दिले आहे. शाळेच्या भिंतीवर रंगविलेली ती प्रसिद्ध म्हण आपण सर्वांनी पाठ केली आहे. तिच्यातही आधी निजणे आले आहे व मग उठणे. आपण मात्र तिचा उत्तरार्ध तेवढा मुलांना ऐकवितो आणि पूर्वार्ध स्वतः विसरतो. तेलाच्या दिव्यावर ज्यांची रात्र आठ वाजता संपत असे, त्यांना पहाटे चारला उठणे म्हणजे त्याग नव्हता. त्यांची झोप पुरी झालेली असे. आपण साडेअकराला दिवा मालवून पहाटे चारची प्रतिज्ञा करतो, आणि ती चार दिवसांत मोडली म्हणजे आपल्या इच्छाशक्तीला दोष देतो. हा दोष इच्छाशक्तीचा नव्हे, हिशेबाचा आहे.

आता शास्त्राकडे वळू. इ. स. १७२९ मध्ये द मेराँ नामक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. स्पर्शाने पाने मिटणारे एक रोप त्याने अंधारात ठेवले. सूर्य न दिसताही त्या रोपाची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत. म्हणजे वेळेचे ज्ञान रोपाच्या आतच कोठेतरी वास करीत होते. हे आतले घड्याळ पेशींमध्ये कसे चालते याचा उलगडा फळमाशीवर संशोधन करून ज्यांनी केला, त्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या वरच, सुमारे वीस हजार पेशींच्या एका चिमुकल्या पुंजक्यात आहे.

या घड्याळाची एक खोड मात्र ध्यानात ठेवावयास हवी. बहुतेक माणसांत ते चोवीस तासांहून थोडे अधिक घेऊन एक फेरा पुरा करते, म्हणजेच रोज थोडे मागे पडते. शाळेतील भिंतीवरचे जुने घड्याळ जसे रोज शिपायाने सरळ करावे लागे, तसेच हेही रोज सरळ करावे लागते. आणि ते सरळ करणारा हात म्हणजे सकाळचा उजेड. सकाळी डोळ्यांवर पडलेला उजेड हे घड्याळ पुढे सरकवितो, तर रात्रीचा प्रखर उजेड ते मागे ओढतो. अंधार पडू लागला म्हणजे मेंदूतील एका ग्रंथीतून मेलॅटोनिन नावाचा स्राव होऊ लागतो आणि शरीर निद्रेच्या तयारीला लागते. दिव्याच्या लखलखाटात किंवा मोबाईलच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसात हा स्राव उशिरा सुरू होतो. जो रात्री बारापर्यंत मोबाईल डोळ्यांपुढे धरतो आणि सकाळी आठपर्यंत पडदे ओढून निजतो, त्याचे घड्याळ दोन्ही बाजूंनी मागे ओढले जाते. अशा माणसाने नुसता गजर लावून काय होणार?

तेव्हा सवय लावावयाची तर ती क्रमाने लावावी. पहिली पायरी हिशेबाची. तज्ज्ञांच्या मते सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास आणि प्रौढ माणसाला निदान सात तास झोप हवी. उठण्याच्या वेळेपासून तेवढे तास मागे मोजावेत. पाचला उठावयाचे असेल तर प्रौढाने दहाच्या आत निजलेच पाहिजे; आठवीतल्या मुलाला साडेपाचला उठवावयाचे असेल तर तो साडेनऊच्या आत अंथरुणात हवा. जेथे हे साधत नाही तेथे पाचचा आग्रह धरू नये. आपल्या ज्ञातीतील अनेक बंधू दुकानदार आहेत. साडेनऊला फळी लावून, हिशेब करून, दहाला जेवणाऱ्या बंधूने साडेअकरा ते साडेसहा ही वेळ नेमाने पाळली तरी तो आमच्या मते नियमित माणूसच होय.

दुसरी पायरी सावकाशीची. साडेसातला उठणाऱ्याने उद्यापासून एकदम साडेपाचला उठू नये. दर चार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे यावे. दोन तासांचे अंतर आठ टप्प्यांत, म्हणजे बत्तीस दिवसांत तुटेल. उठण्याची वेळ घट्ट धरावी. निजण्याची वेळ हळूहळू तिच्या मागोमाग येते, कारण जागेपणीचा शीण दिवसभर साचत जाऊन रात्री झोपेला ओढून आणतो. रविवारीही वेळ सोडू नये. फार तर अर्धा-पाऊण तास सैल सोडावा. रविवारी दहापर्यंत निजणाऱ्याला सोमवारचे उठणे जड जाते ते याच कारणाने.

तिसरी पायरी उजेडाची. उठल्यावर लगेच अंगणात, गच्चीवर अथवा निदान खिडकीशी यावे. येथे आपल्या प्रदेशाचाही विचार करावा लागतो. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आहे. मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला असल्याने तेथील सूर्य या घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. नागपुराला हे अंतर सुमारे १४ मिनिटांचेच आहे. मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सव्वासातच्या सुमारास. ब्राह्ममुहूर्तही त्याप्रमाणे उन्हाळ्यात साडेचारच्या आधी आणि हिवाळ्यात साडेपाचच्या पुढे सुरू होतो. म्हणजे शास्त्रकारांनी सूर्याला धरून वेळ सांगितली, घड्याळाच्या काट्याला धरून नव्हे. थंडीत अंधारात उठणाऱ्याने आधी घरात भरपूर दिवे लावावेत आणि उजाडताच बाहेर फेरी मारावी.

चौथी पायरी सायंकाळच्या संयमाची. चहातील उत्तेजक द्रव्य शरीरातून निम्मे कमी होण्यास साधारणपणे पाच तास लागतात. पाचला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल दहालाही शिल्लक असतो, म्हणून दुपारी तीननंतरचा चहा शक्य तो सोडावा. जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास उरकावे. वामकुक्षी करावयाची तर वीस-पंचवीस मिनिटांची, आणि तीनच्या आत. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा व उशाशी साधे गजराचे घड्याळ असावे. अंथरुणात वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर तळमळत न पडता उठून मंद उजेडात काही वाचावे आणि डोळे जड झाल्यावर पुन्हा पडावे.

हे सर्व सांगून झाल्यावर तीन गोष्टी अधिक आग्रहाने सांगावयाच्या आहेत, कारण येथे केवळ सवयीचा नव्हे तर न्यायाचा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट वाढत्या मुलांची. वयात येणाऱ्या मुलामुलींचे आतले घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकते. त्यांना रात्री लवकर झोप येत नाही. उलट आम्हां साठी ओलांडलेल्यांचे घड्याळ अलीकडे सरकलेले असते. आम्हांस पहाटे चारला जाग येते ती तपश्चर्या नव्हे, तो वयाचा धर्म आहे. आजोबांनी आपल्या वयाचा धर्म नातवाच्या वयावर लादून त्याला आळशी म्हणू नये. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय काढला, तो मुलांच्या अपुऱ्या झोपेचाच विचार करून. स्पर्धा परीक्षेचे जे विद्यार्थी दोनला निजून पाचला उठतात, त्यांना आमचे सांगणे असे, की दिवसभर वाचलेले मनात पक्के बसण्याचे काम झोपेतच होते. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे भोके पडलेल्या घागरीत पाणी भरणे होय.

मुलांना उठविण्याचा खरा उपाय आश्विन-कार्तिकात दिसतो. एरवी हाका मारून न उठणारा मुलगा गावच्या काकडआरतीला महिनाभर आपण होऊन उठतो, आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला तर सर्वांच्या आधी. कारण वेळ ठरलेली असते, सोबती असतात आणि उठल्यावर काही आनंदाचे वाट पाहात असते. ओरडण्याऐवजी या तीन गोष्टी घरात निर्माण कराव्यात.

दुसरी गोष्ट गृहिणींची. आपल्या बहुतेक घरांत सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी निजणारी व्यक्ती एकच असते. मुलाचा डबा, नळाचे पाणी, सासऱ्यांचा चहा हे पहाटे; आणि ओट्याची आवराआवर, दुधाचे विरजण हे रात्री अकराला. तिला कोणी लवकर उठण्याचा उपदेश करीत नाही, कारण ती उठतेच. परंतु ती निजते केव्हा, हेही कोणी विचारीत नाही. घरातील चौघांचे प्रातरुत्थान एकीच्या जागरणावर उभे राहात असेल तर ती शिस्त नव्हे. यजमानांनी रात्रीची भांडी आवरावीत, मुलाने पाणी भरावे, मुलीइतकीच मुलानेही भाजी निवडावी. रात्री दहाला स्वयंपाकघरातला दिवा मालवला गेला, तरच त्या घरात पहाट खऱ्या अर्थाने उगवली असे आम्ही म्हणू.

तिसरी गोष्ट पाळीने काम करणाऱ्यांची. एस. टी.चे चालक, परिचारिका, पोलीस, कारखान्यातील कामगार हे आपल्यातलेच आहेत. रात्रपाळी करून आलेला मनुष्य सकाळी दहाला निजलेला दिसला तर त्याला नावे ठेवू नयेत. त्याची खोली अंधारी करावी आणि घरातला दूरदर्शन संच बंद ठेवावा. तसेच जो मोठ्याने घोरतो व मध्येच श्वास अडकून दचकतो, किंवा ज्याला महिनोन्‌महिने झोप लागत नाही, त्याने उपदेश ऐकत न बसता डॉक्टरांकडे जावे. स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत.

शेवटी मंडळाला एक विनंती. मोकळ्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावू नये असा नियम २००० सालापासून आहे. परंतु आपल्या हळदी, स्वागतसमारंभ आणि सभा यांतील जेवणाची पंगत पुष्कळदा दहानंतरच बसते. लहान मुले पाटावर पेंगत असतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांची शाळा बुडते. मंडळाने आपल्या कार्यक्रमांपुरता तरी असा ठराव करावा, की आठला पाने वाढली जातील आणि नऊला आभार होतील. वक्त्यांनी लांबविले तर घंटा वाजवावी. आमच्यापासूनच सुरुवात केली तरी चालेल. तसेच प्रत्येक सभासद कुटुंबाने बत्तीस दिवसांचा हा प्रयोग एकत्र करून पाहावा आणि प्रत्येकाची निजण्याची व उठण्याची वेळ एका वहीत लिहावी. महिन्याअखेर त्या वहीत गृहिणीच्या नावापुढे सात तास भरले की नाहीत, ते प्रथम पाहावे. ते भरले असतील तर बाकीच्यांचे आपोआप भरलेले असतील.

 साडेआठ वाजत आले आहेत. पाने मांडली आहेत असे कळते. आपणां सर्वांना पुरी नीज आणि प्रसन्न पहाट लाभो, एवढी सदिच्छा व्यक्त करून आम्ही आमचे भाषण संपवितो.