लोकशाही कारभारातील सुधारणा : दाभोळ प्रकल्पाच्या अनुभवातून
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



लोकशाहीच्या सुधारणेचा विषय निघाला की बहुधा निवडणुकांपासून सुरुवात होते. मतदार याद्या निर्दोष असाव्यात, निवडणूक खर्चाला आळा बसावा, गुन्हेगारांना उमेदवारी मिळू नये, पक्षांतराला लगाम असावा. या साऱ्या मागण्या रास्त आहेत आणि त्यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. परंतु दाभोळच्या भूमीवर हा विषय मांडायचा तर आरंभ दुसरीकडून करावा लागतो. मतपेटीने आपले काम बजावल्यानंतरही कारभार नागरिकाच्या हाताबाहेर कसा राहू शकतो, याचे महाराष्ट्रातील बहुधा सर्वांत महागडे उदाहरण याच गावाच्या नावाने जगभर ओळखले गेले.

नावापुरतेच, हेही येथे नोंदविले पाहिजे. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन ज्या बंदरातून परतीच्या प्रवासाला निघाला, ते दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे. वीज प्रकल्प उभा राहिला तो दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या परिसरात. जमिनी पलीकडच्यांच्या गेल्या, नाव मात्र अलीकडचे लागले.

घटनाक्रम बहुतेकांना ऐकून ठाऊक आहे. तरी तो एकदा सलग पाहणे आवश्यक आहे. जून १९९२ मध्ये अमेरिकेतील एन्रॉन कंपनीचे प्रतिनिधी महाराष्ट्रात आले आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाने कंपनीशी सामंजस्य करार केला. स्पर्धात्मक निविदा मागविल्या गेल्या नाहीत. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पास अर्थसाहाय्य देण्यास नकार दिला. आयात वायूवरील ही वीज महाग पडेल आणि राज्याला इतक्या विजेची त्या वेळी गरज नाही, असे बँकेचे मत होते. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीस वर्षांचा वीज खरेदी करार झाला. प्रकल्प ठरावीक प्रमाणात चालू स्थितीत असला की वीज घेतली वा न घेतली तरी मंडळाने स्थिर आकार भरावयाचा, तोही डॉलरच्या दराशी बांधलेला. इंधनाच्या किमतीतील चढउतार मंडळाने सोसावयाचा. मंडळ चुकले तर राज्य शासनाची हमी, आणि राज्य चुकले तर केंद्राची प्रतिहमी. एवढी बांधिलकी ज्यांच्या वीज बिलातून फिटणार होती, त्यांच्यासाठी तो करार बंद पाकिटातच राहिला.

१९४८ च्या वीज पुरवठा कायद्यात अशी मोठी योजना जाहीर करून हरकती मागविण्याची तरतूद होती, असे म्हणता येईल. ती होतीच. पण मूळ कागदच समोर नसेल, तर हरकत घ्यायची कशावर?

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत एन्रॉन हा प्रचाराचा मोठा मुद्दा ठरला. मतदारांनी सरकार बदलले. नव्या सरकारने उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा केली. लोकशाहीचा विजय याहून स्पष्ट काय असू शकतो? पण नोव्हेंबरात फेरवाटाघाटींसाठी गट नेमला गेला आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्प परतला. पूर्वीच्या करारात ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही आता बंधनकारक झाला आणि एकूण क्षमता २,०१५ मेगावॅटवरून २,१८४ मेगावॅट झाली. केंद्राच्या प्रतिहमीला मे १९९६ मध्ये पुन्हा मान्यता मिळाली, ती अवघ्या तेरा दिवसांच्या सरकारकडून. म्हणजे पक्ष बदलले, मंत्री बदलले, पण निर्णय करण्याची रीत बदलली नाही. मतदाराने दिलेला कौल सचिवालयाच्या दारापर्यंत पोहोचला. आतल्या टेबलापर्यंत जाण्याची वाटच त्याला ठाऊक नव्हती. १९९७ मध्ये वेलदूर-अंजनवेलच्या ग्रामस्थांनी, त्यांत मासेमारी कुटुंबांतील स्त्रियांनीही, रस्त्यावर उतरून विरोध केला, तेव्हा त्यांच्या वाट्याला पोलिसांच्या लाठ्या आणि अटक आली.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. पुढच्याच वर्षी काही महिन्यांत या विजेचा दर युनिटमागे सात रुपयांवर गेला आणि वीज मंडळाचे कंबरडे मोडू लागले. मे २००१ मध्ये वीज घेणे बंद झाले, डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. प्रकल्प काही वर्षे बंद पडून होता. शेवटी २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन करून तो सावरावा लागला. निवृत्त केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल २००१ च्या अहवालात शासनयंत्रणेच्या जवळजवळ प्रत्येक पातळीवरील अपयशावर बोट ठेवले. हे महत्त्वाचे आहे. एखादाच मंत्री वा अधिकारी दोषी असता तर त्याला दूर करून भागले असते. येथे मंजुरीच्या सर्व पायऱ्या होत्या, सह्या होत्या, शिक्के होते. नव्हता तो फक्त ज्याने पैसे भरायचे त्याचा प्रश्न.

या सभागृहात बसलेल्यांना एक तुलना सहज पटेल. एखाद्या सार्वजनिक ट्रस्टला आपली इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. विश्वस्तांवर अविश्वास आहे म्हणून ही बंधने नाहीत. मालमत्ता दुसऱ्यांची आहे म्हणून आहेत. धर्मशाळेच्या चार खोल्यांसाठी जो नियम समाजाने पन्नास वर्षे निमूटपणे पाळला, तो साऱ्या राज्याच्या वीस वर्षांच्या देण्याला लागू नसावा, ही विसंगती कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात आजवर ठळकपणे दिसलेली नाही.

सुधारणेचा मार्ग मात्र याच वीज क्षेत्राने दाखविला, आणि तो पुरेसा चर्चिला गेलेला नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. तोपर्यंत विजेचे दर मंत्रालयात ठरत. आता दरवाढ हवी असेल तर मंडळाला आपला जमाखर्च आयोगापुढे मांडावा लागे, त्याची जाहिरात वृत्तपत्रांत द्यावी लागे, ग्राहकांच्या लेखी हरकतींना उत्तर द्यावे लागे आणि जाहीर सुनावणीस सामोरे जावे लागे. मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याचा प्रयास गट अशा संस्था ग्राहकांच्या वतीने आकडे तपासू लागल्या.

परिणाम लवकरच दिसला. मंडळ वर्षानुवर्षे आपली पारेषण व वितरणातील हानी अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवीत असे. मीटर नसलेल्या कृषिपंपांचा वापर अंदाजाने धरला जाई. तो अंदाज फुगविला की चोरी आणि गळती त्यात विरून जाई आणि सारा दोष शेतकऱ्याच्या माथी येई. सुनावण्यांत प्रश्न विचारले जाऊ लागले, तशी ही हानी प्रत्यक्षात तीस टक्क्यांहून अधिक असल्याचे मंडळाला मान्य करावे लागले. हे ना निवडणुकीने साधले, ना मोर्चाने. कागद समोर ठेवावा लागला आणि प्रत्येक हरकतीवर काय निर्णय झाला हे आदेशात कारणांसह लिहावे लागले, म्हणून साधले. दर त्यामुळे फार उतरले असा दावा कोणी करू नये. पण खोटा आकडा टिकला नाही.

हीच रीत मोठ्या शासकीय करारांना का लावू नये? माहिती अधिकाराने बरेच काही दिले. महाराष्ट्राने आपला कायदा केंद्राच्या आधी केला. २००५ पासून देशभर दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मिळण्याचा हक्क आहे. परंतु अर्जाने मिळणारी माहिती बहुधा निर्णय झाल्यानंतरची असते. याच कायद्याचे चौथे कलम त्यापुढे जाते : जनतेवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्ये शासनाने आपण होऊन प्रसिद्ध करावीत आणि बाधितांना कारणे सांगावीत. अर्जाला उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड होतो; चौथे कलम धाब्यावर बसविणाऱ्याला होत नाही. येथे दंडाची तरतूद करणे ही अगदी छोटी कायदेदुरुस्ती आहे. त्याच्या जोडीला दीर्घ मुदतीच्या प्रत्येक शासकीय कराराचा मसुदा स्वाक्षरीपूर्वी किमान साठ दिवस सर्वांसाठी खुला ठेवावा. व्यापारी गुपिताची सबब पुढे येईल. व्यापाराची पिढीजात जाण असलेल्या समाजाला खरे गुपित कोणते आणि लपविण्याची सोय कोणती, यातील फरक समजावून सांगण्याची गरज नाही. यंत्राची रचना गुप्त असू शकते; दर, मुदत आणि हमी गुप्त असू शकत नाहीत.

भाषेचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा आहे. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी १९९७ पासून आवश्यक झाली, म्हणजे एन्रॉनची पायाभरणी होऊन गेल्यावर. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत राहिला तरी चालते. मे २०१० मध्ये याच जिल्ह्यात माडबन येथे जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी झाली, तेव्हा मराठी अहवाल वेळेवर हाती आला नाही, हीच ग्रामस्थांची एक प्रमुख तक्रार होती. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. ज्या मच्छिमाराच्या खाडीत गरम पाणी सोडले जाणार, त्याला ते किती अंश गरम असेल हे मराठीत वाचायला मिळू नये, याचे समर्थन कसे करणार?

सेवांच्या बाबतीत काही प्रगती झाली आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखले, परवाने ठरल्या मुदतीत देणे बंधनकारक केले आणि विलंब करणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड ठेवला. उपयुक्त कायदा आहे. पण दाखला वेळेत मिळणे आणि निर्णयात सहभाग मिळणे यांत अंतर आहे.

ते अंतर कमी करण्याची सर्वांत जवळची जागा ग्रामसभा. वर्षातून किमान चार सभा कायद्याने ठरलेल्या आहेत आणि त्यांत जमाखर्च वाचला जातो. व्यापारी वर्गाची तेथील उपस्थिती सर्वत्रच विरळ असते. दुकान बंद ठेवून कोण बसणार, हे कारण समजण्याजोगे आहे. पण ज्याला खतावणी वाचता येते, असा माणूस गावात बहुधा त्याच वर्गात सापडतो. पंचायतीच्या जमाखर्चावर विचारलेला एक नेमका प्रश्न दहा भाषणांहून अधिक काम करतो, आणि तो विचारण्यासाठी कायद्यात कसलीही दुरुस्ती लागत नाही.

वीजदरवाढीच्या याचिकांची, पर्यावरण सुनावणीची जाहीर सूचना मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते आणि मुदत संपल्यावर रद्दीत जाते. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने आपल्या सूचनाफलकाचा एक कोपरा अशा सूचनांसाठी राखून ठेवावा. त्याशेजारी ग्रामसभेची विषयपत्रिका लावावी. कात्रणे कापून लावण्याचे काम महाविद्यालयात जाणारी दोन मुले आनंदाने करतील, आणि हरकतीचे पत्र कसे लिहावे हे त्यांना दाखविण्यासाठी ट्रस्टचे हिशेबनीस पुरेसे आहेत.