शेवटची लोकल गेल्यावर
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



काळा घोडा म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला वाटतं, मुंबईत त्या ठिकाणी एक काळा घोडा असेल. इंग्लंडचे राजपुत्र, जे पुढं सातवे एडवर्ड म्हणून राजे झाले, त्यांचा घोड्यावर बसलेला पुतळा १८७९ साली या चौकात उभारला गेला. १९६५ साली तो हलवला. आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. पुतळा गेला, पण नाव राहिलं. गंमत बघा, वर बसलेला राजा लोक विसरले आणि खालचा घोडा लक्षात ठेवला! २०१७ साली चौकात नवा घोडा आला. त्याच्या पाठीवर मात्र कुणीच नाही.

त्या जुन्या पुतळ्याचा खर्च आल्बर्ट ससून यांनी केला होता. बगदादहून आलेलं हे ज्यू घराणं. आल्बर्ट हे नाव त्यांना नंतर लाभलं, जन्माचं नाव अब्दुल्ला. हे मला फार उशिरा कळलं आणि उगीचच बरं वाटलं. आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यात तीन अब्दुल्ला होते, पण त्यांतल्या कुणी शहराला घोडा दिल्याचं ऐकिवात नाही.

माझी आणि काळ्या घोड्याची ओळख झाली ती कलेमुळं नव्हे, लोकलमुळं. बी. ए. होऊन १९९५ साली मी मुंबईत आलो आणि फोर्टातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून चिकटलो. पाळी दुपारची, पण काम निघालं की मध्यरात्र उलटायची. राहायला मुंब्र्याला, मामूच्या खोलीत. शेवटची लोकल चुकली की पहाटे चारनंतर पहिली. मधले तीन-साडेतीन तास काढायचे कुठं? छापखान्याला कुलूप, फलाटावर डासांचं राज्य. मग खांद्याला पिशवी अडकवून मी चालत जहांगीर आर्ट गॅलरीपर्यंत यायचो आणि पायरीवर बसायचो.

दिवसा गजबजलेला फोर्ट रात्री रिकामा होतो, पण पूर्ण झोपत नाही. टॅक्सीवाले खिडकीतून पाय बाहेर काढून निजलेले असतात. हॉटेलांतली पोरं भांडी आटपून बाहेर पडतात आणि दिवसातली पहिली विडी ओढतात. फुटपाथवरच्या बिऱ्हाडात एखादं मूल रडतं आणि आई झोपेतच त्याला थोपटते. सायकलला किटली बांधलेला चहावाला न बोलावता समोर उभा राहतो. थोडं पुढं गेलं की राजाबाई टॉवरचं घड्याळ दिसतं. त्याच्याकडं सारखं बघायचं नाही, एवढं मी लवकर शिकलो.

जानेवारी २०२० मध्ये मुंबईत रात्रभर दुकानं-हॉटेलं उघडी ठेवायचं ठरलं, तेव्हा सुरुवातीच्या भागांत काळ्या घोड्याचं नाव होतं. ‘नाइटलाइफ सुरू होणार’ असे मथळे आले. मला हसू आलं. माझी नाइटलाइफ तिथं पंचवीस वर्षांपूर्वीच सुरू झाली होती, दोन रुपयांच्या चहावर!

रात्री ओळख झाली म्हणून सुटीच्या दिवशी मी तिथं उजेडी जाऊ लागलो. तेव्हा कळलं, की या अर्ध्या मैलात फुकट किंवा जवळजवळ फुकट बसायच्या जागा किती आहेत. जहांगीर गॅलरी १९५२ पासून उभी आहे. आत जायला तिकीट नाही, चित्र कळलं का असं कुणी विचारत नाही. तिच्यातच समोवार नावाचं लांबट, बोळासारखं उपाहारगृह होतं. एका चहावर तासभर बसलं तरी कुणी उठवत नसे. समोर ऱ्हिदम हाऊस. तिथं गाणं ऐकून बघायची सोय होती. मी पुष्कळ ऐकलं, विकत फार थोडं घेतलं. डेव्हिड ससून वाचनालयाची इमारत १८७० ची. तिच्या मागं एक बाग आहे, रस्त्यावरून जाणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. पलीकडच्या गल्लीत १८८४ सालचं निळं सिनेगॉग. रॅम्पार्ट रो या नावात तर किल्ल्याचा तट अजून उभा आहे, खरा तट १८६० च्या दशकातच पाडला.

आणि कोपऱ्यावर होतं वेसाइड इन. तिथं खिडकीशी अरुण कोलटकर बसत. त्या खिडकीतून दिसणारी माणसं, म्हणजे फुटपाथवर राहणारी, झाडणारी, खाणारी, त्यांच्या इंग्रजी कवितांत आली. ते पुस्तक २००४ साली निघालं आणि त्याच वर्षी कोलटकर गेले. मी दोनदा त्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. आत जाऊन सांगणार काय? आम्हीही लिहितो म्हणून?

पण लिहीत होतो. पायरीवर बसून, प्रुफांच्या कोऱ्या पाठीवर. १९९६ च्या पावसाळ्यात एका रात्री गस्तीवरचा हवालदार समोर येऊन थांबला.

“काय रे, इथं काय करतोस?”

“गाडीची वाट बघतोय.”

“गाडी इथं येते होय? नाव काय?”

नाव सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. श्रोतेहो, ९२-९३ ला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. रात्री नाव सांगताना आपला आवाज आपोआप खाली येतो, हे ज्यांना सांगावं लागलं नाही त्यांना कळायचं नाही. त्यानं पिशवी उघडायला लावली. आत डबा, छत्री आणि कागद. त्यानं बॅटरीच्या उजेडात एक कागद धरला आणि ओठ हलवत माझी कविता वाचली. माझ्या कवितेचा तो पहिला वाचक. मग म्हणाला, “मराठीत लिहितोस?”

“हो.”

“का?”

या प्रश्नावर पुढं मी परिसंवादांतून बरंच बोललो आहे. त्या रात्री एवढंच म्हणालो, “घरी हीच बोलतात.”

त्यानं कागद परत दिला. “मग अक्षर सुधार,” म्हणाला आणि पुढं गेला.

मी बराच वेळ तसाच बसलो. भीती ओसरली तशी मला मकबूल फिदा हुसेन यांची आठवण झाली. हा माणूस पंढरपूरचा. १९१५ साली तिथं जन्मलेला. मुंबईत येऊन सिनेमाचे फलक रंगवले. प्रोग्रेसिव्ह गटातल्या मित्रांबरोबर १९४९ साली चित्रं मांडली ती याच रॅम्पार्ट रोवर. या परिसरानं त्यांना नाव दिलं. त्याच हुसेन यांना म्हातारपणी देश सोडावा लागला आणि २०११ साली लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. तेव्हा मी एकदा मुद्दाम या पायरीवर येऊन बसलो होतो. कुणाला काही सांगायचं नव्हतं.

आता एका सोमवारची गोष्ट सांगतो. जहांगीरमधला आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. भिंत मिळायला कित्येक वर्षं थांबावं लागतं. सांगली जिल्ह्यातला माझा एक चित्रकार मित्र असाच थांबला होता. शाळेत कलाशिक्षक होता. फंडातून कर्ज काढून त्यानं चौकटी बनवल्या. सात दिवसांत एकही चित्र विकलं गेलं नाही. सोमवारी रात्री आम्ही ती उतरवली, जुन्या चादरींत गुंडाळली आणि टेंपोपाशी आणली. टेंपोवाल्यानं विचारलं, “सगळी परत?” मित्र म्हणाला, “सगळी.”

फुटपाथवर दुसऱ्या दिवशीचा चित्रकार आपली गाठोडी घेऊन उभा होता. लांबून आला होता, बोली हिंदी. डोळ्यांत प्रवासाची झोप. त्यानं विचारलं, “हॉल कैसा है? लोग आते हैं?”

माझा मित्र क्षणभर थांबला. मग म्हणाला, “आते हैं. बहुत आते हैं.” आणि वाकून त्याच्या गाठोड्याचं एक टोक उचललं.

तो खोटं बोलला नाही. लोक खरंच आले होते. बघून गेले होते. माझ्यासारखेच, खिशात परतीचं तिकीट तेवढं असलेले.

काळ्या घोड्याचं वैभव म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी ही रात्र सांगतो. गॅलऱ्या श्रीमंतांनी बांधल्या, त्यांचे उपकार आहेतच. पण कलेची वस्ती टिकते ती काही न घेता बसू दिल्यामुळं. समोवार २०१५ मध्ये बंद झालं, ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये. वेसाइड इन त्याआधीच गेलं होतं. आता चांगली हॉटेलं आली आहेत, फेब्रुवारीच्या सुमारास उत्सव भरतो, त्याला मोठी गर्दी होते. २०२५ पासून भुयारी मेट्रोही जवळ येऊन थांबते. मला त्याचा आनंदच आहे. पण नव्या हॉटेलातल्या एका कॉफीच्या पैशांत आमचा महिन्याचा चहा झाला असता. आज मुंब्र्याहून येणाऱ्या पोरानं बसायचं कुठं?

गेल्या महिन्यात मुलीला घेऊन तिथं गेलो होतो. चालून पाय दुखले म्हणून एका इमारतीच्या पायरीवर टेकलो. रखवालदार आला, अदबीनं म्हणाला, “काका, इथं बसायचं नाही.” त्याचा काय दोष? आम्ही उठलो. चार पावलांवर जहांगीरच्या पायरीवर एक मुलगा वहीत मान खुपसून काहीतरी लिहीत होता. मुलगी म्हणाली, “अब्बा, त्याला कुणी उठवत नाही.”

मी जाता जाता त्याच्या वहीत डोकावलो. अक्षर माझ्यापेक्षाही वाईट होतं.