वऱ्हाडच्या गादीवरची चार नावं

विजयनगरवरच्या स्वारीत बहमनी फौजेनं एक कानडी मुलगा कैद करून आणला. तो वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी वाढला, मुसलमान झाला. हाच फतेहउल्ला इमादुलमुल्क. बहमनी सत्ता खिळखिळी होताच 1490 मध्ये तो स्वतंत्र झाला. अचलपूर ही त्याची राजधानी.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर दिल्ली दरवाजा नीट न्याहाळा. तिथं गंडभेरुंड कोरलाय, दोन तोंडांचा पक्षी. विजयनगरचं हे चिन्ह वऱ्हाडच्या डोंगरात पाहताना मन भरून येतं. अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्याचा देखणा महाकाली दरवाजाही फतेहउल्लाच्याच काळातला.

त्याच्यामागून अल्लाउद्दीन, मग दर्या. दर्यानं आपली लेक दौलतशाह अहमदनगरच्या हुसेन निजामशहाला दिली. पण सोयरीक राज्य वाचवू शकली नाही. दर्याचा मुलगा बुऱ्हाण लहानपणीच गादीवर बसला आणि कारभारी तुफालखानानं त्याला नरनाळ्यावरच कैदेत टाकलं. कैद्यापासून सुरू झालेलं घराणं कैद्यापाशीच संपलं, याची फार हळहळ वाटते. 1574 मध्ये अहमदनगरच्याच मुर्तझा निजामशहानं वऱ्हाड घेतलं.

हे दोन्ही गड आपल्याच जिल्ह्यांतले आहेत. मुलांना घेऊन जरूर जा. दगडांवर नावं मात्र कोरू नका.